'परत लाव ना': स्ट्रीमिंग या शब्दाची गोष्ट

कुवेत शहरातून जहराच्या दिशेने निघालं की रस्त्यात अम्गरा लागतं. तिथे कोणी फिरायला जात नाही. जुन्या गाड्यांचे सांगाडे, लाकडाच्या थप्प्या, लोखंड, इंजिनं, दारं, आरसे यांचा तो भलामोठा भंगारबाजार आहे. कुवेतमधले लोक त्याला 'सक्राब' म्हणतात. इंग्रजी 'स्क्रॅप' अरबीत जाऊन असा गोल झालाय. माझे मामा तिथल्या एका शेडमध्ये सुट्या भागांचं काम बघायचे. गाव चिपळूण तालुक्यातलं.

एप्रिल २०२० मध्ये आजी गेली. कुवेतने मार्चच्या मध्यालाच प्रवासी विमानं थांबवली होती, भारतानेही त्यानंतर काही दिवसांत थांबवली. अंत्ययात्रेला वीसच माणसांची परवानगी होती. मामांना येणं शक्यच नव्हतं. मग मामेभावाने मोबाईल एका काठीला बांधला आणि लाईव्ह लावलं. मामांनी अम्गऱ्यात शेडमागच्या खोलीत बसून ते पाहिलं, मी माझ्या खोलीत बसून पाहिलं. मधेच चित्र थिजायचं, गोल फिरायला लागायचं, आणि परत सुरू व्हायचं तेव्हा माणसं दोन पावलं पुढे गेलेली असायची.

आठवडाभराने मामांचा फोन आला. म्हणाले, "अरे, ते परत लाव ना. मधलं मला नीट दिसलंच नाही."

ते परत लावता आलं नाही. लाईव्ह संपल्यावर 'जतन करू का' असं विचारणारं बटण येतं, ते त्या गडबडीत कोणीच दाबलं नव्हतं.

आमच्या पॉडकास्टमध्ये आम्ही तंत्रज्ञानाच्या इतिहासावर बऱ्याचदा बोलतो. पण मामांच्या त्या वाक्यानंतर मला वाटलं की एका शब्दाचाच इतिहास नीट पाहायला हवा. आपण रोज 'स्ट्रीमिंग' म्हणतो. त्याचा अर्थ 'लाईव्ह' असा आहे का? 'ऑनलाईन' असा आहे का? आणि जे वाहून येतं, ते आपल्याकडे राहतं की नाही?

स्रोत आणि तो जादाचा त

'स्ट्रीम' म्हणजे ओढा, प्रवाह. हा इंग्रजीतला फार जुना शब्द आहे, आणि तो आपला लांबचा नातेवाईक आहे. संस्कृतमध्ये 'स्रु' हा धातू आहे, अर्थ वाहणे. त्यातून 'स्रवणे', 'स्राव' आणि 'स्रोत' हे शब्द आले. इंग्रजी 'स्ट्रीम', जर्मन 'श्ट्रोम' आणि डच 'स्ट्रोम' हेही त्याच मुळाचे. जर्मनमध्ये 'श्ट्रोम' म्हणजे विजेचा करंटसुद्धा. आपणही 'विद्युतप्रवाह' म्हणतोच.

यातली गंमत उच्चारात आहे. मूळ रूपात 'स' नंतर लगेच 'र' होता, मध्ये 'त' किंवा 'ट' नव्हता. 'स्र' म्हणताना जीभ अडखळते आणि मध्ये एक 'त' आपसूक घुसतो. जर्मन, डच, इंग्रजी या भाषांच्या पूर्वज भाषेत तेच झालं, 'स्र'चं 'स्त्र' झालं आणि ते कायमचं बसलं. आता आपल्याकडे बघा. 'स्रोत'ला निम्मा महाराष्ट्र 'स्त्रोत' म्हणतो, 'सहस्र'ला 'सहस्त्र' म्हणतो, आणि शुद्धलेखनवाले त्यावर लाल खूण करतात. ज्या चुकीसाठी शाळेत आपले मार्क जातात, तीच चूक हजारो वर्षांपूर्वी युरोपात झाली आणि तिथे तीच भाषा ठरली. त्यामुळे पुढच्या वेळी कोणी 'स्त्रोत' म्हणालं तर फार रागावू नका.

म्हणजे 'स्ट्रीमिंग' हा शब्द अगदीच परका नाही. आपल्याकडे 'प्रवाह', 'ओघ', 'धार', 'झरा' असे शब्द होतेच. 'ओघाने आलं' असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर तेच चित्र असतं, की थांबवल्याशिवाय येत राहतं. तरीही फोनवरच्या गोष्टीसाठी आपण यातला एकही घेतला नाही. 'प्रवाह' तर २००८ मध्ये एका वाहिनीच्या नावात गेला, स्टार प्रवाह. पण ती वाहिनी सुरू झाली ती उपग्रहावरून. तेव्हा आपण त्याला स्ट्रीमिंग म्हणत नव्हतो, आणि ते बरोबरच होतं.

आधी पेरणी होती

स्ट्रीमिंगच्या आधी होतं ब्रॉडकास्टिंग. हा मूळचा शेतीतला शब्द. इंग्लंडमध्ये बी मुठीत घेऊन शेतभर फेकण्याला 'ब्रॉडकास्ट' म्हणायचे. कोकणात भाताचा तरवा करताना बी फोकतात, तसंच. एकेक दाणा टोचून लावायचा नाही, सगळीकडे उधळायचा, जिथे पडेल तिथे उगवेल. १९२० च्या दशकात रेडिओ आला तेव्हा हाच शब्द त्याला चिकटला, कारण काम तसंच होतं. लहरी सगळीकडे उधळायच्या, ज्याच्याकडे रेडिओ असेल त्याच्याकडे उगवतील.

मामांनी कुवेतमध्ये शिकलेल्या अरबीतही हेच चित्र आहे. दूरचित्रवाणीच्या कोपऱ्यात 'लाईव्ह'च्या जागी 'बथ्थ मुबाशिर' असं लिहिलेलं असतं. 'मुबाशिर' म्हणजे थेट, आणि 'बथ्थ' म्हणजे पसरणं, विखुरणं. इंटरनेटवरच्या प्रवाहासाठी अरबीत 'तदफ्फुक', म्हणजे उसळून वाहणं, असाही शब्द वापरतात. पण बोलताना लोक पेरणीचाच शब्द काढतात.

आपण मराठीत 'प्रसारण' आणि 'प्रक्षेपण' केलं. प्रसारण म्हणजे पसरवणं, प्रक्षेपण म्हणजे जोराने फेकणं. म्हणून रॉकेटचंही प्रक्षेपण होतं आणि क्रिकेट सामन्याचंही. मुंबईला २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. नंतर 'आकाशवाणी' हे नाव रुळलं, आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचं दूरदर्शन केंद्र आलं.

पेरणीची वेळ ठरलेली असते. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, दर आठवड्याला एक नवं गीत, एकूण ५६. ते ऐकायचं असेल तर त्या वेळेला रेडिओजवळ हजर असणं भाग होतं. उशीर झाला तर त्या वेळचं गेलं. पण ते सगळ्यांनी एकाच वेळी ऐकलेलं असायचं, शेजारच्या घरातही तेच चालू असायचं.

या काळाने मराठीला दोन छान क्रियापदं दिली, 'लावणे' आणि 'लागणे'. रेडिओ 'लावतात', बातम्या 'लागतात', थिएटरला पिक्चर 'लागतो'. जे तुमच्या हातात आहे ते तुम्ही लावता, जे दुसऱ्याच्या हातात आहे ते लागतं. मामा आजही म्हणतात, "मोबाईलवर मॅच लागलीय." त्यांच्या व्याकरणात मोबाईल अजून रेडिओच आहे. आणि "परत लाव" म्हणताना त्यांच्या डोक्यात तिसरंच यंत्र होतं.

कॅसेट

ते यंत्र म्हणजे टेपरेकॉर्डर. फिलिप्सने १९६३ मध्ये छोटी कॅसेट आणली आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ती आखातात गेलेल्या माणसांची जीव की प्राण झाली. फोन महाग होता, गावात बहुतेक घरी नव्हताच. पत्र लिहायला वाचायला दुसरं माणूस लागायचं. कॅसेटवर मात्र नुसतं बोलायचं. टू-इन-वनची दोन बटणं एकदम दाबायची, बोलायचं, आणि सुट्टीवरून परत निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेत कॅसेट टाकायची.

मामा १९८४ मध्ये कुवेतला गेले. आजीने त्यांना पाठवलेल्या कॅसेट आम्ही ऐकल्यात. त्यात काय आहे? आंबा कसा धरलाय, गाय किती दूध देते, शेजारच्यांनी बांध कुठे सरकवला. मध्येच कोंबडी ओरडते. आजी खोकते, आणि "थांब हां" म्हणून पाणी प्यायला जाते. तेवढा वेळ टेप नुसती फिरत राहते. ही बातमी मामांपर्यंत पोचायची तेव्हा महिना-दोन महिने जुनी असायची. पण ती हवी तितक्या वेळा ऐकता यायची.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवलं. तिथले भारतीय बसने, ट्रकने, मिळेल तसे इराकमधून जॉर्डनकडे निघाले. अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी त्या दोन महिन्यांत सुमारे १,७०,००० भारतीयांना घरी आणलं. मामाही त्यांतलेच. एक छोटी बॅग आणली, तिच्यात तीन कॅसेट होत्या. बाकी सगळं तिथेच राहिलं. दोन वर्षांनी ते परत कुवेतला गेले, पण कॅसेट गावी कपाटात ठेवून गेले. आज आमच्याकडे आजीचा आवाज आहे तो त्या बॅगेमुळे.

शब्द टेपवरून आला

आता या कथेतला मला सगळ्यात आवडलेला भाग. संगणकाच्या जगात 'स्ट्रीमिंग' हा शब्द आधी आला तो सिनेमा किंवा गाण्यांसाठी नाही, टेपसाठी.

जुने मोठे संगणक माहिती चुंबकीय टेपवर ठेवायचे. ती टेप झटके देत चालायची. थोडी पुढे, थांब, परत पुढे. क्षणात पळायचं आणि क्षणात थांबायचं, म्हणून यंत्र गुंतागुंतीचं आणि महाग व्हायचं. १९८० च्या आसपास स्वस्त यंत्रं आली. ती हळू वेग घ्यायची आणि एकदा सुटली की न थांबता टेपच्या टोकापर्यंत धावायची. डेटा इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीच्या अशा यंत्रांसाठी 'स्ट्रीमिंग' हा शब्द वापरात आला. टेप ओढ्यासारखी सलग वाहते, म्हणून.

यात एक अट होती. वाहत्या टेपला माहिती सतत पुरवावी लागायची. संगणकाला उशीर झाला तर टेप पुढे निघून जायची, मग थांबायची, मागे यायची, पुन्हा वेग घ्यायची. पुढे-मागे, पुढे-मागे. बूट पुसताना फडकं फिरतं तसं दिसायचं, म्हणून तंत्रज्ञ त्याला तेच नाव ठेवायचे. तुमच्या फोनवर गोल फिरतं, त्या दुखण्याचं हे आजोबा.

आणि ही टेप कशासाठी होती? बॅकअपसाठी. संगणक बिघडला तरी माहिती हरवू नये, तिची एक प्रत जपून राहावी, म्हणून. म्हणजे 'स्ट्रीमिंग' हा शब्द संगणकात शिरला तो जपून ठेवण्याच्या कामासाठी. दहा-पंधरा वर्षांतच त्याचा अर्थ उलटा झाला.

ओंजळी ओंजळीने

२४ जून १९९३ रोजी कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत संगणक क्षेत्रातल्या लोकांच्या एका बँडने आपलं वादन इंटरनेटवरून थेट दाखवलं. बँडचं नाव होतं 'सिव्हियर टायर डॅमेज', म्हणजे टायरचं गंभीर नुकसान. अम्गऱ्यात हे नाव दुकानावर सहज खपलं असतं! चित्र टपाल तिकिटाएवढं होतं आणि तेही अडखळणारं. पण ते ऑस्ट्रेलियापर्यंत पोचलं.

१९९५ मध्ये सिअ‍ॅटलच्या प्रोग्रेसिव्ह नेटवर्क्स या कंपनीने 'रिअलऑडिओ' आणलं. त्याआधी इंटरनेटवरून गाणं ऐकायचं तर आख्खी फाईल उतरवून घ्यावी लागायची. तीन मिनिटांच्या गाण्यासाठी त्याच्या कितीतरी पट वेळ थांबायचं. रिअलऑडिओने सांगितलं, थांबू नका, येतंय तसतसं ऐका. त्या सप्टेंबरमध्ये सिअ‍ॅटल आणि न्यूयॉर्कच्या संघांतल्या बेसबॉल सामन्याचं वर्णन लोकांनी असंच ऐकलं. 'स्ट्रीमिंग'चा आजचा अर्थ इथे पक्का झाला: पूर्ण येण्याची वाट न बघता, येतंय तसं ऐकणं किंवा बघणं, आणि झालं की सोडून देणं.

हे चालतं कसं, ते समजायला भारतातल्या घराच्या गच्चीवरची टाकी आठवा. नगरपालिकेचं पाणी कधी जोरात येतं, कधी करंगळीएवढं. पण टाकी भरलेली असेल तर नळाची धार एकसारखी राहते. फोनमध्ये अशीच टाकी असते, तिला बफर म्हणतात. तुम्ही बघताय त्याच्या पुढचे काही सेकंद तिच्यात आधीच भरलेले असतात. पाणी आलं नाही आणि टाकी संपली की गोल फिरायला लागतं.

खरं तर आज जे येतं तो सलग प्रवाहही नसतो. सिनेमाचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात, प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जाचा तयार ठेवलेला असतो, आणि तुमचा फोन रेंज पाहून एकेक मागवतो. रेंज चांगली तर स्वच्छ चित्र, नसेल तर धूसर. नाव ओढ्याचं असलं तरी काम ओंजळीने पाणी आणण्याचं आहे. प्रत्येक ओंजळ फोनमध्ये क्षणभर थांबते, म्हणजे प्रत निघतेच. ती नंतर टाकून दिली जाते, एवढंच.

दोन गोष्टी, एक शब्द

२०१० मध्ये आयपीएलचे सामने यूट्यूबवर दिसायला लागले. २०१५ मध्ये हॉटस्टार आलं. ६ जानेवारी २०१६ रोजी नेटफ्लिक्सने एकाच घोषणेत १३० देशांत सेवा सुरू केली, त्यात भारतही होता आणि कुवेतही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि गावात डेटा स्वस्त झाला. तेव्हापासून शब्द मराठीत घुसला. 'स्ट्रीम होतंय', 'स्ट्रीमिंग सुरू झालं', 'ओटीटीवर आलाय'. सगळीकडे आपलं जुनं 'होणे', 'करणे' लावून आपण तो घरचा केला. पण घाईत दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या.

पहिली गोष्ट वेळेची: तिकडे घडतंय तेव्हाच इकडे दिसतंय का? याला मराठीत उत्तम शब्द आहे, 'थेट'. दुसरी गोष्ट प्रत राहण्याची: बघून झाल्यावर ते माझ्याकडे उरतं का? स्ट्रीमिंग हा या दुसऱ्या प्रश्नाचा शब्द आहे, आणि त्याचं उत्तर 'नाही' असं आहे.

मामांचाच हिशोब मांडून बघा. कॅसेट थेट नव्हती, पण राहायची. आयएसडी फोन थेट होता, पण राहायचा नाही. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, नंतर तिचं झी मराठी झालं. उपग्रहावरची मालिका भारतात लागायची तेव्हाच कुवेतमध्ये बघायची तर घड्याळ अडीच तास मागे, म्हणजे रात्रीची साडेआठची मालिका संध्याकाळी सहाला, कामावरून सुटायच्या आधीच. स्ट्रीमिंगने हा घड्याळाचा जाच संपवला. आता मामा तीच मालिका जेवताना बघतात. हा फार मोठा फायदा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण मोबदल्यात प्रत गेली. आज दिसणारा सिनेमा उद्या हक्कांचा करार संपला की यादीतून गायब होतो. भारतात दिसणारी गोष्ट 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' म्हणते. हे तुम्ही परदेशात राहणाऱ्यांनी तर रोजच वाचलेलं असेल. सिनेमाचं ठीक आहे, तो कुठे ना कुठे जपलेला असतो. घरच्या गोष्टींना मात्र दुसरी प्रत नसते. लग्न, बारसं, आजोबांची पंचाहत्तरी, आपण हल्ली सगळं लाईव्ह लावतो आणि समजतो की 'ते तिथे आहेच'. फेसबुकने तर फेब्रुवारी २०२५ पासून नियमच केला, नवे लाईव्ह व्हिडिओ तीस दिवसच राहतील, नंतर पुसले जातील. हवे असतील तर त्याआधी उतरवून घ्या. यात फसवणूक नाही. ओढ्याकाठी उभं राहून कालचं पाणी मागितलं तर ओढा तरी काय करणार?

चूक आमची होती. आम्ही दोन प्रश्नांपैकी एकच विचारला होता. 'मामांना तेव्हाच दिसेल का?' हा विचारला. 'नंतर उरेल का?' हा विचारायचं कोणाला सुचलंच नाही.

मग म्हणायचं काय?

स्ट्रीमिंगला मराठी प्रतिशब्द हवाच असा माझा हट्ट नाही. 'स्टेशन' चालतं, 'टेबल' चालतं, तसं हेही चालेल. कुवेतवाल्यांचं 'सक्राब' चालतंच की. माझी मागणी छोटी आहे. घडतंय तेव्हाच दाखवत असाल तर 'थेट' म्हणा. नुसतं वाहतंय, उरणार नाही, तेव्हा 'स्ट्रीम' म्हणा. आणि ठेवलेल्या गोष्टीला 'ठेवलंय' म्हणा. 'थेट दाखवतोय आणि ठेवतोयही' असं एकदा मोठ्याने बोललं की ठेवण्याचं बटण दाबायची आठवण आपोआप होते.

मामा २०२२ मध्ये कुवेतहून कायमचे परत आले. गेल्या गणपतीत मी त्या तीन कॅसेट लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. जुना टेपरेकॉर्डर शोधायला दोन दिवस गेले, पट्टा बदलावा लागला. एका कॅसेटची टेप मधे चुरगळली होती, तिथे आजीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. बाकी सगळं स्वच्छ आहे. फाईलच्या चार प्रती केल्या आणि चार घरांत ठेवल्या.

मामा ऐकत बसले होते. आजी "थांब हां" म्हणून पाणी प्यायला गेली, टेप नुसती फिरत राहिली, आणि कोंबडी ओरडली. मामा हसले. म्हणाले, "हे परत लाव."

लावलं.